नाका परत उभा राहिला : ‘लीव्ह’ला मत दिलेल्या ब्रिटनमधल्या मराठी मित्रांना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

2016 च्या 23 जूनला, भर पावसात, मी आणि माझा एक मित्र एकाच गाडीतून मतदानाला गेलो होतो. तो जळगावचा, मी ठाण्याचा. दोघांच्याही खिशात तेव्हा भारतीय पासपोर्ट. ब्रिटननं युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, या सार्वमतात इथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत होतं, म्हणून आम्हाला होतं. आमच्या शेजारचा पोलिश सुतार 2004 पासून इथे होता. बारा वर्षं कर भरत होता, त्याच्या दोन्ही मुली इथल्याच शाळेत. त्याला मत नव्हतं. आमच्या घरातला देव्हारा त्यानं केलेला आहे. मोबाइलवरच्या फोटोवरून त्यानं कळस कोरला, आणि कळस कशासाठी असतो ते नीट समजून घेतल्याशिवाय बसवला नाही. मित्रानं ‘लीव्ह’वर फुली मारली, मी ‘रिमेन’वर. परत येताना गाडीत आम्ही क्रिकेटवर बोललो.

हे पत्र त्या मित्राला आहे आणि त्याच्यासारखं मत दिलेल्या तुम्हा सगळ्यांना आहे. या जूनला दहा वर्षं होतील. मला तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे. त्याआधी गेली पाच वर्षं मी माझ्या टेबलावरून जे बघतो आहे, ते तुमच्यापुढे ठेवू द्या.

तुमच्या मताला कारण होतं, आणि ते कारण खोटं नव्हतं. 2012 साली इथल्या सरकारनं शिक्षण संपल्यावर दोन वर्षं राहून काम करायची विद्यार्थ्यांची सोय बंद केली. त्याच वर्षी नवरा किंवा बायकोला आणायचं तर वर्षाला किमान 18,600 पौंड पगार हवा, अशी अट आली. म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचं आणणं तर जवळपास अशक्यच करून टाकलं. माझ्या मित्राची आई तेव्हा जळगावात एकटी होती. पडून मांडीचं हाड मोडलेलं. हा इथे वकिलांचे उंबरठे झिजवत होता. त्याच्या शेजारी बसणाऱ्या रोमानियन सहकाऱ्याची आई मात्र स्वस्तातलं विमानाचं तिकीट काढून आली आणि लेकाजवळ राहिली. हे रोज बघून कुणाचंही पोट तुटेल. माझंही तुटत होतं.

‘लीव्ह’च्या प्रचारानं बोट ठेवलं ते याच दुखऱ्या जागेवर. युरोपातून येणारी माणसं थांबली की राष्ट्रकुलातल्या माणसांना दार उघडेल, असं आपल्याला सांगितलं गेलं. तेव्हा मंत्री असलेल्या प्रीती पटेल यांनी करी हाउस वाचवायची असतील तर ‘लीव्ह’ला मत द्या, म्हणजे उपखंडातून आचारी आणता येतील, असा प्रचार केला. त्याच्या वर्षभर आधी नायजेल फराज यांनी पूर्व युरोपातल्यांपेक्षा भारत-ऑस्ट्रेलियातून येणारी माणसं आपल्याला पसंत आहेत, असं म्हटलं होतं. लाल बसवर लिहिलं होतं की आठवड्याला 35 कोटी पौंड युरोपला जातात, ते आरोग्यसेवेला देऊ. हा आकडा दिशाभूल करणारा आहे, असं सरकारी आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं तेव्हाच सांगितलं, पण बस फिरत राहिली. लंडनजवळच्या स्लाउ गावात 54 टक्के मतं ‘लीव्ह’ला पडली, लूटनमध्ये 56 टक्के. या गावांत आपल्या उपखंडातली वस्ती किती आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता माझ्या कामाविषयी. केंटमधल्या एका लहानशा क्लिअरिंग एजन्सीत मी सीमा ओलांडणाऱ्या ट्रकचे कस्टम्सचे कागद करतो.

हे काम माझ्या घरातच आहे म्हणा ना. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांचा माल टेम्पोनं मुंबईत पोचवायचे. वाटेत जकात नाका. सकाळी सातला निघालेले वडील दुपारी एकलाही त्याच रांगेत असायचे, कारण पुढच्या कुणाच्या तरी बिलातला नगांचा आकडा जुळत नसायचा. शाळेला सुट्टी असली की मी क्लीनरच्या सीटवर. डब्यातली पोळी तिथेच खायची, पाय मोकळे करायला खाली उतरायचं, पुन्हा चढायचं, टेम्पो चार हात पुढे. जकात वडिलांच्या खिशातून जात नव्हती, ती मालकाची. वडिलांची कमाई खायची ती रांग. दिवसाच्या दोन खेपांची एकच खेप व्हायची, आणि महिनाअखेरीला टेम्पोचा हप्ता आईच्या चेहऱ्यावर दिसायचा.

ब्रिटननं 2020 च्या 24 डिसेंबरला युरोपशी करार केला, आयातशुल्क शून्य ठेवलं, आणि तुमच्यातल्या अनेकांनी मला मेसेज केले की बघ, काही बिघडलं नाही. मला तुम्हाला ही रांग दाखवायची आहे.

1993 पासून 2020 च्या शेवटापर्यंत मँचेस्टरहून मिलानला जाणारा ट्रक म्हणजे पुण्याहून नाशिकला जाणारा ट्रक होता. डोव्हर बंदरात ड्रायव्हरचा पासपोर्ट बघत, मालाचे कागद कुणी मागत नसे. ही सामायिक बाजारपेठ उभी करायला मोठा जोर लावला होता तो मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारनं. तीस वर्षांनी त्याच पक्षाच्या सरकारनं ती सोडली. 29 मार्च 2017 ला ब्रिटननं बाहेर पडायची अधिकृत नोटीस दिली. त्यानंतर तीन महिन्यांनी, 1 जुलैला, भारतात जीएसटी आला आणि मुंबईचे जकात नाके बंद झाले. वडिलांनी मुद्दाम फोन केला, “नाका उठला रे.” एवढंच बोलले आणि बराच वेळ गप्प राहिले. आमच्या ऑफिसात त्याच सुमाराला हिशेब चालू होता, की नाका परत आला तर किती माणसं लागतील.

तो आला 1 जानेवारी 2021 ला. पहिल्या दोन महिन्यांतलं एकच उदाहरण सांगतो. आमच्याकडे एक नवराबायको यायचे, शेळीच्या दुधाचं चीज करणारे. फ्रान्समधल्या एका दुकानाला ते दर आठवड्याला सहा खोकी पाठवायचे. आता त्या सहा खोक्यांना पशुवैद्याची सही असलेलं आरोग्य प्रमाणपत्र लागू लागलं, त्याची फी वेगळी. सही आणि शिक्का छपाईच्या रंगाहून वेगळ्या रंगाच्या शाईत हवा. काळ्या शाईत सही झाली तर कागद बाद. मग निर्यातीचं डिक्लरेशन, पलीकडे आयातीचं डिक्लरेशन, मालाचा कमोडिटी कोड, माल मूळचा ब्रिटनचाच असल्याचं लेखी. सहा खोक्यांसाठी कुणी आख्खा ट्रक करत नाही, म्हणून ती दहाबारा जणांच्या मालाबरोबर एकाच रेफ्रिजरेटेड ट्रकमध्ये. फेब्रुवारीत एकदा त्या ट्रकमधल्या कुणाच्या तरी सॉसेजच्या कागदात वजन चुकलं होतं. चीजचे कागद चोख होते, मीच केले होते. सगळा ट्रक अडकला. तिसऱ्या दिवशी त्या बाईंचा फोन आला, तेव्हा त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. मला त्या क्षणी फक्त क्लीनरची सीट आठवली. उन्हाळ्यापर्यंत त्यांनी फ्रान्सला माल पाठवणं बंद केलं.

असं त्या दोघांचंच झालं नाही. नवा करार लागू झाल्यावर युरोपला माल पाठवणं सुमारे 16,400 कंपन्यांनी पूर्ण थांबवलं, असा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांचा हिशेब आहे, आणि त्यात भरणा लहानांचा. मोठ्या कंपनीकडे कागद करायला स्वतंत्र खातं असतं, वकील असतात, युरोपात गोदाम घ्यायला पैसा असतो. सीमा सगळ्यांसाठी सारखीच असते, पण थांबायची ऐपत सगळ्यांची सारखी नसते.

मासेमारांचं तर फार वाईट झालं. आपल्या समुद्रावर आपला हक्क, हे ‘लीव्ह’चं सर्वांत जोरकस आश्वासन होतं, आणि ग्रिम्सबीसारख्या जुन्या मासळीच्या बंदरानं त्यावर विश्वास ठेवून भरभरून मतं दिली. 2021 च्या जानेवारीतच स्कॉटलंडचे मासळीचे ट्रक थेट लंडनला, पंतप्रधानांच्या दाराशी, येऊन उभे राहिले. माल वाटेत नासत होता. जिवंत कालवं, तिसऱ्या आणि त्यांच्या जातीची मासळी तर ठरावीक दर्जाच्या पाण्यातली असेल तरच, नाहीतर इथेच शुद्ध केल्याशिवाय युरोपात न्यायची बंदी झाली. बाहेरच्या देशांना हा नियम आधीपासून लागू होता, ब्रिटन आता बाहेरचा झाला. आपल्यात रत्नागिरी-मालवणची माणसं आहेत. पकडलेली मासळी दारात नासणं म्हणजे काय, हे त्यांना विचारा.

आणि आपलं स्वतःचं दुकान? लेस्टरच्या गोदामातून डब्लिनच्या भारतीय दुकानात जाणारं लोणचं घ्या. ते भारतात बनलेलं, म्हणून शून्य शुल्काच्या करारात ते ‘ब्रिटिश’ ठरत नाही. ब्रिटनमध्ये उतरताना एकदा शुल्क, आयर्लंडमध्ये शिरताना पुन्हा शुल्क. टाळायचं तर बाँडेड गोदाम करा, म्हणजे शुल्क न भरता माल ठेवायची जागा, ट्रान्झिटचे कागद करा, म्हणजे पुन्हा आमच्यासारख्या एजंटाची फी. आमचा धंदा वाढला हे मी मान्य करतो. ब्रेक्झिटनंतर आमच्या ऑफिसात माणसं दुप्पट झाली. जकात नाक्यावरच्या दलालांचंही बरं चाललं होतं.

तिकडे नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला लंडनसाठी एक आणि रॉटरडॅमसाठी दुसरं, अशी रेसिड्यूची दोन कोष्टकं सांभाळावी लागतात, कारण कीटकनाशकांच्या अंशांची मर्यादा ब्रिटन आता स्वतंत्र ठरवतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात अडकलेले कंटेनर निफाड-दिंडोरीला अजून आठवतात. एका कोष्टकाची दोन होणं म्हणजे काय, ते तिथल्या बागाईतदाराला समजावून सांगावं लागत नाही.

आकडा हवा असेल तर सरकारच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा घ्या. युरोपशी व्यापार अवघड झाल्यामुळे ब्रिटनची उत्पादकता दीर्घकाळात 4 टक्क्यांनी कमी राहील, असं ते धरून चालतात. त्याच्यासमोर भारताबरोबरचा व्यापार करार ठेवा. 2022 च्या दिवाळीपर्यंत होईल असं बोरिस जॉन्सन म्हणाले होते, सह्या झाल्या 24 जुलै 2025 ला. भारतीय म्हणून मला त्याचा आनंद आहे. कपडा, चामडं, कोळंबी यांना त्यातून बाजार मिळेल. पण इथल्या सरकारच्या स्वतःच्या अंदाजानुसार त्यातून ब्रिटनला मिळणार आहे दीर्घकाळात वर्षाला 480 कोटी पौंड, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 0.1 टक्का. दारातला बाजार सोडून सातासमुद्रापलीकडचा आणला तर हिशेब असाच येतो. मधल्या काळात कोविड आला, युक्रेनचं युद्ध झालं, वीज-गॅस भडकले. त्यांचा दोष मी ब्रेक्झिटवर ढकलत नाही. नाक्याचा दोष मात्र नाक्याचाच आहे.

राजकारणाचं काय झालं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. कॅमेरन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक, स्टार्मर : 2016 ते 2024 या आठ वर्षांत सहा पंतप्रधान. मे यांचा बाहेर पडायचा करार संसदेत 230 मतांनी पडला. जॉन्सन यांनी संसद स्थगित केली ती सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायमूर्तींनी बेकायदा ठरवली. याहून जास्त काळजी मला उत्तर आयर्लंडची वाटते. तिथे 56 टक्के लोकांनी राहायला मत दिलं होतं. ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड आणि युरोपियन युनियनमधला आयर्लंड देश यांच्यात सुमारे 500 किलोमीटरची सीमा आहे, आणि 1998 च्या गुड फ्रायडे करारानंतर त्या सीमेवरचे सैनिक आणि चौक्या हटल्या म्हणून तिथे शांतता आली. कागलहून निपाणीला माणूस जसा सहज जातो, तशी ती माणसं ये-जा करतात. ब्रिटन बाहेर पडल्यावर नाका कुठेतरी उभा करावाच लागणार होता. तो जमिनीवर नको म्हणून समुद्रात केला, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांत मालाची तपासणी. त्यावरून ब्रिटनमध्येच राहू इच्छिणाऱ्या तिथल्या डीयूपी पक्षानं दोन वर्षं सरकारच चालू दिलं नाही. 2023 चा, ही तपासणी सौम्य करणारा विंडसर करार, मग 2024 च्या फेब्रुवारीत सरकार. लंडनमध्ये मत देताना आपल्यापैकी कितीजणांच्या डोक्यात बेलफास्ट होतं? माझ्या डोक्यात नव्हतं, हे मी कबूल करतो.

आता तुमच्या दुखऱ्या जागेकडे परत येतो.

तुम्हाला जे हवं होतं त्यातलं काही मिळालं. 2021 मध्ये विद्यार्थ्यांची दोन वर्षांची सोय परत आली. आरोग्यसेवेला, वृद्धांच्या केअर होमना माणसं कमी पडू लागली आणि भारतातून परिचारिका आल्या, केअर वर्कर आले. अमरावतीपासून कोट्टायमपर्यंतची माणसं आली. त्यांनी इथल्या म्हाताऱ्यांना भरवलं, अंघोळी घातल्या. पण 2023 च्या जूनपर्यंतच्या एका वर्षात निव्वळ स्थलांतराचा, म्हणजे आलेल्यांतून गेलेले वजा करून उरलेला, आकडा 9 लाख 6 हजारांवर गेला, आणि 2016 मध्ये पोलिश सुताराकडे दाखवलेलं बोट आपल्याकडे वळलं. 11 मार्च 2024 पासून नव्या केअर वर्करना नवरा-मुलं आणता येत नाहीत. कुशल कामगारांच्या व्हिसासाठी पगाराची अट 38,700 पौंड झाली, मग 41,700. व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 पौंड. 2025 च्या मे महिन्यात मजूर पक्षाच्या सरकारनं कायम वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षं थांबायचा प्रस्ताव मांडला, आणि हा देश अनोळखी माणसांचं बेट होईल, असं पंतप्रधान बोलून गेले. नंतर त्यांनी त्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला. त्याच सप्टेंबरात फराज यांनी, ज्यांना आपण पसंत होतो त्यांनी, कायम वास्तव्याचा परवानाच रद्द करू असं जाहीर केलं.

आमच्या गल्लीत अमरावतीची एक मुलगी राहते. 2024 च्या मे महिन्यात आली, म्हणजे दोन महिन्यांनी उशीर झाला. रात्रपाळी करून सकाळी आठला परत येते, तेव्हा तिकडे दुपार असते. तिचा मुलगा आता सहा वर्षांचा आहे, शाळेतून आल्यावर आजीच्या फोनवर तिच्याशी बोलतो. पहिल्या वर्षी तो रडायचा. हल्ली रडत नाही, आणि ते तिला जास्त लागतं.

माझ्या मित्राची आई 2019 मध्ये जळगावातच गेली. तिला इथे येऊ न देणाऱ्या नियमातला एक शब्दही ब्रेक्झिटनं बदलला नाही. तो नियम ब्रसेल्सचा नव्हता, लंडनचा होता. आपलं भांडण ज्यांच्याशी होतं त्यांनीच ते दुसऱ्या कुणाच्या दारात नेऊन सोडलं, आणि आपण तिकडे गेलो. पोलिश सुतार 2020 मध्ये मुलींना घेऊन परत गेला. जाताना देव्हाऱ्याची एक सैल झालेली बिजागरी बसवून गेला.

माझं मागणं हे आहे. माझ्यासारख्यानं हे सगळं कितीही सांगितलं तरी ऐकणारा म्हणतो, हा तर आधीपासूनच रिमेनवाला. तुमचं तसं नाही. ज्यानं ‘लीव्ह’ला मत दिलं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की मला सांगितलं एक आणि झालं दुसरं, तर खासदाराला ते कानाआड करता येत नाही. निवडणुका आल्या की हीच मंडळी आपल्या दिवाळीला येतात, पणती लावतात, फोटो काढतात. त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर, तुम्ही विचारा. जे इथे आधीच आले आहेत त्यांच्या पाच वर्षांची दहा करू नका, हे त्यांच्याकडून वदवून घ्या. अन्नपदार्थ आणि वनस्पतींच्या तपासण्या कमी करणारा समझोता करायचं 19 मे 2025 ला युरोपबरोबर तत्त्वतः ठरलं. तो लहान व्यापाऱ्यांना उपयोगी पडेल अशा रीतीनं राबवा, हेही सांगा. आईवडिलांच्या व्हिसाचा नियम पुन्हा उघडा, असं म्हणायलाही हीच वेळ आहे, आणि ती मागणी तुमची होती, तुम्हीच करा.

खासदारांसाठी एका पानाचा मसुदा मी केला आहे. सुरुवातीचं वाक्य मोकळं ठेवलंय, कारण ‘मी 2016 मध्ये लीव्हला मत दिलं’ हे मला तुमच्या वतीनं लिहिता येणार नाही. 23 जूनला मंगळवार आहे. संध्याकाळी सातनंतर मी घरी आहे. मित्राला मी फोन केला होता. तो येतो म्हणालाय, आणि गाडी या वेळी तो आणणार आहे.

तुमचा,
केंटमधला एक क्लिअरिंग क्लार्क
(मूळ मुक्काम ठाणे)